लाल रेघ परत आणताना

ठाण्याची वागळे इस्टेट, डोंबिवलीची एमआयडीसी आणि कल्याणात मुरबाड रोड ते शिवाजी चौक या टापूतली ऑफिसं, शाळा, दवाखाने यांच्या संगणकांची देखभाल हा माझा वर्षानुवर्षांचा धंदा. वार्षिक कंत्राट, आमच्या बोलीत एएमसी. हार्ड डिस्क उडाली, टॅली उघडेना, प्रिंटर कागद ओढेना, की मालक स्वतः फोन करतात आणि काम होईस्तोवर डोक्यावर उभे राहतात. ‘मेलमधला स्पेलचेक गेलाय’ ही तक्रार मात्र मालकाकडून आलेली मला आठवत नाही. ती यायची डिस्पॅचच्या टेबलावरून, परचेसमधून, शाळेच्या कार्यालयातून. तीही मी दुसऱ्याच कामासाठी गेलेलो असताना, निघता निघता आणि आवाज खाली आणून. “दादा, एक मिनिट बघता का? शब्दाखाली ती लाल रेघ यायची ना, ती हल्ली येत नाही.”

या तक्रारीचं वेगळं बिल होत नाही. कामाच्या वहीत तिची नोंदही बहुतेक जण करत नाहीत. पण दुरुस्तीला गेल्यावर आधी काय विचारायचं, कशाला हात लावायचा नाही आणि समोरच्याची नड कशी ओळखायची, हे मी मोठ्या बिघाडांपेक्षा या बारक्या तक्रारीकडून जास्त शिकलो.

सुरुवातीच्या काळात जवळजवळ प्रत्येक ऑफिसात विंडोज एक्सपी आणि त्याच्याबरोबर येणारं आउटलूक एक्सप्रेस असायचं. या प्रोग्रामला स्वतःचा स्पेलचेक नव्हताच, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. त्याच संगणकावर वर्ड किंवा एक्सेल असेल, तर त्यांच्या शब्दकोशावर तो आपलं काम भागवायचा. शेजारच्या विहिरीवर पाणी भरावं तसं. ज्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट ऑफिस नाही, तिथे ‘टूल्स’मधल्या ‘ऑप्शन्स’मध्ये स्पेलिंगचं पान दिसतच नसे आणि वरचं बटण फिकट पडलेलं असे.

वागळे इस्टेटमध्ये यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ऑफिस २००७ नव्याने बसवलं गेलं. त्यानंतर निर्यातीचा पत्रव्यवहार पाहणाऱ्या मॅडमचा निरोप आला, की स्पेलचेक पिसाळलाय, प्रत्येक शब्दावर अडतोय. मी जाऊन ‘ऑप्शन्स’ उघडले, स्पेलिंगच्या पानावर गेलो आणि भाषेची यादी खाली ओढली. यादीत एकच नाव होतं, फ्रेंच. मॅडम म्हणाल्या, “आपलं फ्रान्सला काहीच जात नाही हो!”

कारण साधं होतं. ऑफिस २००७ मध्ये शब्दकोशाच्या फाइलींचं स्वरूप बदललं होतं आणि आउटलूक एक्सप्रेसला जुन्या स्वरूपाच्याच फाइली वाचता यायच्या. त्या स्वरूपात आता फ्रेंच तेवढं उरलं होतं. त्या कंपनीच्या कपाटात ऑफिस २००३ ची तिची स्वतःची, परवान्याची सीडी होती. तिच्यातला स्पेलिंगचा भाग परत बसवल्यावर यादीत इंग्लिश आलं. ज्यांच्याकडे अशी जुनी सीडी नव्हती, त्यांना मेल प्रोग्रामच बदलून दिला.

मेल प्रोग्रामचा यात काडीचाही दोष नव्हता. तो काढून दहा वेळा परत टाकला असता तरी यादीत फ्रेंचच दिसलं असतं. त्या दिवसांत आमच्या धंद्यात ‘फॉरमॅट मारा’ हे सगळ्या दुखण्यांवरचं औषध होतं. या कामानंतर मी एक प्रश्न पक्का केला आणि तो आजतागायत सोडलेला नाही: हे शेवटचं नीट कधी चाललं, आणि त्यानंतर या मशीनवर काय बसवलं किंवा काय काढलं? तक्रार जिथे दिसते तिथेच बिघाड असेल असं नाही, आणि माणसाला विचारल्याशिवाय ते मशीन सांगत नाही.

दुसरी सवय लागली ती एफ-सेव्हनची. आउटलूक, वर्ड आणि त्या घराण्यातल्या बहुतेक प्रोग्रामांत एफ-सेव्हन दाबलं की तपासणी सुरू होते. मी नवीन मेल उघडतो, दोन-तीन शब्द मुद्दाम चुकीचे टाइप करतो, थोडे लहान लिपीत, थोडे कॅपिटलमध्ये, आणि एफ-सेव्हन दाबतो. काहीच झालं नाही तर हत्यारच जागेवर नाही. ‘तपासणी पूर्ण झाली’ असं लगेच उत्तर आलं तर हत्यार आहे, पण कुणीतरी त्याला ‘हे पाहू नकोस’ असं सांगून ठेवलंय. प्रत्येक शब्द चूक ठरला तर भाषा चुकलीये. एवढ्याने अर्धं निदान होतं.

‘हे पाहू नकोस’ची सर्वांत चांगली ओळख डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यात झाली. तिथले डिस्पॅच सांभाळणारे काका निवृत्तीला आलेले, टेलेक्सवर काम शिकलेले. टेलेक्सला लहान-मोठी अक्षरं असा भेदच नसायचा. त्यामुळे काकांचा प्रत्येक मेल पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत कॅपिटलमध्ये. “माझ्याच मशीनवर स्पेलचेक नाही, शेजारच्या पोराच्या मशीनवर आहे,” अशी त्यांची तक्रार होती, आणि आपल्याला जुना संगणक दिला म्हणून मनात थोडा सलही होता. दोन्ही मशीनं सारखीच होती. आउटलूकमध्ये ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘मेल’ आणि मग ‘स्पेलिंग अँड ऑटोकरेक्ट’ या वाटेने गेलं की छोट्या चौकोनांची एक रांग लागते. त्यातला एक चौकोन सांगतो, की पूर्ण कॅपिटल शब्द तपासायचे नाहीत. तो मुळातच टिक केलेला येतो, कारण संस्थांची लघुनावं आणि मालाचे कोड उगाच लाल होऊ नयेत. मी ती टिक काढली. आकडे असलेले शब्द वगळण्याची टिक तशीच ठेवली, नाहीतर प्रत्येक बॅच नंबर लाल झाला असता. काकांना लहान लिपीत लिहायला सांगणं सोपं होतं, पण उभ्या नोकरीची सवय सुटण्यापेक्षा एक टिक सुटणं बरं. काम त्याच वेळी संपलं. मशीनने माणसाच्या सवयीला जुळवून घ्यावं, उलटं नव्हे, हे मी तिथे ठरवलं.

कल्याणमधल्या एका मराठी शाळेच्या कार्यालयात गोष्ट आणखी मजेशीर वळणाने गेली होती. युनिकोड सर्रास होण्याआधी मराठी पत्रकं जुन्या फाँटांत टाइप व्हायची. डोळ्यांना मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरं आणि चिन्हं यांचीच भेसळ असे. साहजिकच स्पेलचेकला प्रत्येक शब्द चुकीचा वाटायचा आणि पालकसभेची सूचना वरपासून खालपर्यंत लाल व्हायची. त्या लाल रंगाला कंटाळून कुणीतरी भाषेच्या खिडकीत ‘स्पेलिंग तपासू नका’ या चौकोनात टिक केली आणि तीच कायमची पद्धत म्हणून ठरवून टाकली. पत्रक स्वच्छ दिसू लागलं. पुढे शिक्षण विभागाला आणि बँकेला इंग्रजीत मेल जायला लागले, तेव्हा लाल रेघ का नाही, हे सांगायला ती टिक करणारी व्यक्ती शाळेत राहिली नव्हती.

असे किती तरी ‘बिघाड’ म्हणजे पूर्वी कुणीतरी शोधलेले उपाय असतात. त्या माणसाची अडचण खरी होती, त्याने ती सोडवली, आणि कारण कुठे लिहून ठेवलं नाही. तेव्हापासून मी कुठलीही सेटिंग बदलली की काय बदललं आणि कशासाठी, हे एका चिठ्ठीवर लिहून सीपीयूच्या बाजूला चिकटवतो. त्या चिठ्ठ्यांनी माझ्यानंतर आलेल्या इंजिनिअरांचाही वेळ वाचवला आहे.

शब्दकोशात आपण स्वतः घातलेल्या शब्दांची एक वेगळी फाइल असते. लाल झालेल्या शब्दावर उजवी टिचकी मारून ‘अ‍ॅड’ केलं की शब्द तिच्यात जातो. आपल्याकडे ती फार लवकर भरते, कारण इंग्रजी शब्दकोशाला आपली आडनावं, गावं, कारखान्यातला माल यांतलं फारसं काही ओळखीचं नसतं. पण घाईत खरोखरच चुकलेले शब्दही ‘अ‍ॅड’ होतात. एका ऑफिसात ‘मेंटेनन्स’चं स्पेलिंग कुणीतरी ‘मेंटेन’वरून बेतून त्या फाइलीत घातलेलं होतं आणि तिथून निघणारा प्रत्येक मेल ती चूक घेऊन जात होता. स्पेलचेक उत्तम चालू होता. त्याला तसंच शिकवलं होतं. ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. मी ती वर्षातून एकदा त्या टेबलावरच्या माणसाबरोबर बसून वाचतो, आणि फॉरमॅट करण्याआधी आठवणीने बाजूला काढून ठेवतो. तिच्यात त्या माणसाच्या नोकरीची सारी शब्दसंपत्ती असते: ग्राहकांची नावं, रसायनांची नावं, ट्रान्सपोर्टवाल्यांची गावं. नव्या मशीनवर ती पहिल्या दिवशी मिळाली की माणसाला मशीन परकं वाटत नाही.

आता त्या प्रसंगाकडे येतो, ज्याने या तक्रारीकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

डोंबिवली-कल्याणला लोडशेडिंग चालू असायचं त्या वर्षांतली गोष्ट. मालवाहतूक करणाऱ्या एका ऑफिसात बुकिंगचं काम पाहणारी एक बाई होती. मराठी माध्यमात शिकलेली, हिशेबाला पक्की, कुठला ट्रक कुठल्या नाक्यावर असेल हे तोंडपाठ. यूपीएसची बॅटरी कमजोर झालेली, त्यामुळे वीज गेली की मशीन धाडकन बंद पडायचं. अशाच एका दिवसानंतर तिच्या आउटलूकमधला स्पेलचेक बंद झाला. मी गेलो होतो यूपीएस बघायला. तिने स्पेलचेकचं सांगितलं तेव्हा शेजारचा मुलगा हसून म्हणाला, “मॅडम, त्याशिवाय पण मेल जातो.”

ती काही बोलली नाही. नंतर चहाच्या वेळी तिने सांगितलं. नव्याने आलेल्या साहेबांनी तिच्या एका मेलमधली स्पेलिंगची चूक सगळ्या शाखांना सीसी करून दाखवली होती. त्यानंतर स्पेलचेक गेला. तेव्हापासून ती प्रत्येक मेल आधी कागदावर लिहायची, शंका आलेल्या शब्दांसाठी घरी फोन करून कॉलेजातल्या मुलीला अक्षर न् अक्षर विचारायची आणि मग टाइप करायची. दुपारचे मेल संध्याकाळी जायचे. साहेब म्हणत, कामात मंद आहे.

बिघाड छोटा होता. आउटलूक नवा मेल उघडताना एक साचा वापरतं. त्या साच्याची स्वतंत्र फाइल असते. वीज अचानक गेल्याने ती खराब झाली होती. आउटलूक बंद करायचं, त्या फाइलीचं नाव बदलायचं आणि आउटलूक परत उघडायचं. ते स्वतःच नवी, कोरी फाइल तयार करतं. मी तेवढंच केलं. तिने एक शब्द मुद्दाम चुकवून लिहिला, खाली लाल नागमोडी रेघ उमटली, तिने तो सुधारला, रेघ गेली. मग तिने लगेच थांबलेले मेल काढले आणि एकामागून एक पाठवायला घेतले.

त्या दिवशी मला लाल रेघेचं खरं काम समजलं. ती चूक दाखवते, पण फक्त लिहिणाऱ्याला दाखवते. साहेबाला दिसत नाही, शेजाऱ्याला दिसत नाही, ग्राहकाला दिसत नाही. चारचौघांत अपमान न होता सुधारण्याची संधी ती देते. ठाणे ते कल्याण या पट्ट्यातल्या हजारो माणसांनी मराठी शाळेत शिकून इंग्रजीत नोकऱ्या केल्या. त्यांना काम येतं, व्यवहार कळतो, इंग्रजी वाचून समजतं. फक्त एखाददुसऱ्या शब्दाच्या स्पेलिंगपाशी हात अडतो. त्यांच्या हुशारीचं मोजमाप त्या एका अडलेल्या शब्दावर होऊ नये, यासाठी ही सोय चालू राहिली पाहिजे. म्हणूनच ही तक्रार पुटपुटत यायची. सांगणाऱ्याला वाटे, की स्पेलचेक मागणं म्हणजे स्पेलिंग येत नाही अशी कबुली देणं. त्यानंतर माझ्यासमोर या तक्रारीवर कुणी हसलं, तर मी काम थांबवून त्याला शांतपणे सांगतो, की वकील, डॉक्टर, मोठमोठे अधिकारी सगळे हे वापरतात आणि वापरायलाच हवं.

स्पेलचेकवर किती विसंबायचं, तेही या कामातच शिकलो. शब्द शब्दकोशात आहे की नाही, एवढंच त्याचा मूळ गाभा पाहतो. ‘फ्रॉम’च्या जागी ‘फॉर्म’ गेलं तर दोन्ही शब्द खरे. जुना स्पेलचेक गप्प बसणार. कोटेशनमध्ये एक शून्य कमी पडलं, ‘आज’च्या जागी ‘उद्या’ गेलं, मेल भलत्याच पाटलांना गेला, तर लाल रेघ येत नाही. एका ऑफिसात दर चुकलेलं कोटेशन निर्दोष स्पेलिंगसह बाहेर पडलं होतं आणि तो दर पाळावा लागला. म्हणून मी एक जोडसल्ला देतो: एफ-सेव्हन झाल्यावर आकडे, तारीख आणि ज्याला पाठवायचं त्याचं नाव, हे तिन्ही ओठ हलवत वाचायचं आणि मगच ‘सेंड’.

युनिकोड रुळल्यावर मराठीत मेल लिहिणारे वाढले आणि प्रश्नाला नवं तोंड फुटलं. नौपाड्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं, “इंग्रजीची चूक दाखवतो, मग माझ्या मराठीची का नाही दाखवत?” त्यांच्या आउटलूकमध्ये मराठी मजकुरावर पिवळी पट्टी यायची: या भाषेची तपासणीची साधनं बसवलेली नाहीत. ती साधनं वेगळी बसवावी लागतात, हेच लोकांना माहीत नसतं. थंडरबर्ड वापरणाऱ्यांसाठी मराठी शब्दकोश जोड म्हणून मिळतो, आणि मेल लिहिताना उजवी टिचकी मारून भाषा बदलता येते.

मराठीसाठी हे काम सोपं नाही. थंडरबर्ड आणि लिबरऑफिसमध्ये हनस्पेल नावाचं इंजिन असतं. ते मुळात हंगेरियन भाषेसाठी बनलं, कारण त्या भाषेतही एका शब्दाला प्रत्यय लागून असंख्य रूपं होतात. त्याच्या दोन फाइली असतात: एकीत मूळ शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. आपलं ‘शाळा’ घ्या. शाळेत, शाळेला, शाळांमधून, शाळेपर्यंतच्या. सामान्यरूप होऊन पुढे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं लागत जातात. सगळी रूपं यादीत लिहून ठेवणं शक्य नाही, आणि नियम थोडे सैल केले तर चुकीची रूपंही बरोबर ठरतात. त्यामुळे मराठीत लाल रेघ आली म्हणजे चूकच, असं मानू नये. आणि आली नाही म्हणजे बरोबर, असंही नाही.

त्या शिक्षकांच्या टेबलावर अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ होता. फडके ठाण्याचे. २०२० मध्ये ते गेले. मराठी शब्दाचं नुसतं मूळ रूप देऊन भागत नाही, त्याची सामान्यरूपंही लिहिणाऱ्याच्या हाताशी हवीत, हे त्यांनी ओळखलं होतं; त्यांचं ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ हे छोटं पुस्तकही अनेकांनी खरोखर जवळ बाळगलं. मी मशीनवर शब्दकोश बसवून दिला आणि सरांनी रेघेवर शंका आली की कोश उघडायचा, अशी पद्धत ठेवली. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली ४ नियमांची भर यांवर ते मला मधूनमधून बौद्धिकही देत. माझ्या मते मराठी लिहिणाऱ्या प्रत्येक ऑफिसात ही जोडी हवी: मशीनवर तपासनीस आणि टेबलावर कोश.

२०२० च्या टाळेबंदीत ऑफिसं घरांत आली. दूरवरून स्क्रीन हातात घेऊन मी कामं केली. तोवर पुष्कळांचा मेल ब्राउझरमध्ये गेला होता, आणि तक्रार जुनीच, पण जागा नवी. आता स्पेलचेक बहुतेक वेळा मेलचा नव्हे, ब्राउझरचा असतो. तिथल्या भाषांच्या यादीत इंग्लिश नसेल किंवा तिचं बटण बंद असेल, तर मेलची सेटिंग कितीही धुंडाळली तरी हाती काही लागत नाही. शिवाय क्रोममध्ये तपासणीचे दोन प्रकार आहेत. साधा प्रकार, आणि वाढीव प्रकार, ज्यात टाइप केलेला मजकूर तपासणीसाठी गुगलकडे जातो. वकिलाच्या किंवा डॉक्टरच्या मशीनवर मी दुसरा प्रकार विचारल्याशिवाय कधीच चालू करत नाही. अशिलाचं पत्र कुठून कुठे जावं, हे ठरवण्याचा अधिकार दुरुस्ती करणाऱ्याचा नाही.

माझ्याकडे नवी मुलं कामाला लागतात तेव्हा त्यांना सर्व्हर शिकायचा असतो, नेटवर्क शिकायचं असतं. मी त्यांना आधी स्पेलचेकच्या तक्रारींवर पाठवतो आणि प्रत्येक तक्रार वहीत पूर्ण कॉल म्हणून लिहायला लावतो: काय थांबलं होतं, कुणाचं काम अडलं होतं, शेवटचं नीट कधी चाललं, मध्ये काय बदललं, आपण काय बदललं. काही मुलांना सुरुवातीला हे कमीपणाचं वाटतं. पण जो मुलगा डिस्पॅचच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसतो, समोरच्याचं म्हणणं पुरतं ऐकतो आणि मगच माउसला हात लावतो, त्याला पुढे सर्व्हर शिकवायला मला वेळ लागत नाही. तिथेही प्रश्न हेच असतात, आणि तिथेही कुणाचं तरी काम अडलेलं असतं.